४०० सेन्सर, १ गेटवे, ३ वाहिन्या: वायरलेस जाळ्यातली गर्दी कॉम्प्रेशन आणि कोडिंगने कमी करण्याचे एक प्रकरण

परिस्थिती

एक लोरावॅन जाळे आहे, म्हणजे कमी विजेत छोटे संदेश लांबवर नेणाऱ्या लोरा या रेडिओ-तंत्रावर चालणारे. मधोमध एक गेटवे, जो नोडांचे संदेश ऐकून सर्व्हरकडे देतो, आणि भोवती ४०० सेन्सर-नोड. प्रत्येक नोड दर १० मिनिटांनी तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि बॅटरीचा व्होल्टेज मोजतो आणि मोजल्याबरोबर पाठवून देतो. माहिती जेसन मजकुराच्या रूपात जाते: महिरपी कंस, चार नावे, चार आकडे, अवतरणचिन्हे, स्वल्पविराम, सगळे मिळून ४८ बाइट्स. नोड लांब पसरलेले आणि भिंतीआड असल्यामुळे सगळे एसएफ १० वर चालतात (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: तो जितका मोठा तितका पल्ला लांब, पण प्रसारण संथ). बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग रेट ४/५ (दर ४ बिटांमागे १ जादा बिट), वाहिन्या तीन.

तक्रार अशी, की दर चार नोंदींमागे सुमारे एक नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. सिग्नलची ताकद बहुतेक नोडांची ठीक आहे. प्रसारणवेळेची मर्यादाही कोणी ओलांडत नाही. एक नोड तासाला ४.१९ सेकंद बोलतो, म्हणजे ०.१२ टक्क्यापेक्षाही कमी, आणि १ टक्क्याची मर्यादा जिथे लागू असते तिथेही हा नोड नियमात बसतो. तरीही पॅकेट्स हरवतात.

पुढचे सर्व आकडे लोराच्या एअरटाइम (पॅकेट हवेत किती वेळ घेते) सूत्रातून आणि साध्या संभाव्यतेच्या हिशेबातून काढलेले आहेत. आपल्या जाळ्याचे आकडे घालून कोणालाही तेच हिशेब पुन्हा करता येतील, किंबहुना करावेतच.

निदान: गर्दी बाइट्सची नाही, हवेतल्या वेळेची आहे

नोड कोणाला विचारून बोलत नाहीत. वेळ झाली की पाठवतात. नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांनी हवाईत १९७० साली मांडलेल्या अलोहा पद्धतीचाच हा प्रकार. एका वाहिनीवरचा एकूण भार 'भ' धरला, तर पॅकेट धडकेविना पोहोचण्याची शक्यता ई (सुमारे २.७१८) चा उणे २भ घात इतकी असते. भार म्हणजे दर सेकंदामागे किती सेकंदांचे प्रसारण त्या वाहिनीवर येऊन पडते तो आकडा.

एसएफ १० वर एक सिंबल, म्हणजे रेडिओ-संकेताचा एक घटक, ८.१९२ मिलिसेकंदांचा. ४८ बाइट्सच्या मजकुरावर लोरावॅनचे स्वतःचे १३ बाइट्स चढतात, एकूण ६१. सूत्रात घातले की ८५.२५ सिंबल येतात, म्हणजे ६९८.४ मिलिसेकंद. ४०० नोड, तासाला ६ पॅकेट्स, तीन वाहिन्या: भार ०.१५५. पोहोचण्याची शक्यता ७३ टक्के. तक्रारीतला चारातला एक इथेच सापडतो. प्रत्यक्षात दोन पॅकेट्स धडकली तरी त्यातले जोरकस पॅकेट कधी कधी वाचते, त्यामुळे जवळच्या नोडांची स्थिती याहून बरी आणि लांबच्यांची वाईट दिसते.

अशा वेळी पहिला विचार येतो तो प्रत्येक पॅकेटची पोच मागण्याचा. या जाळ्यात तो उपाय घातक आहे. बहुतेक गेटवे बोलत असताना ऐकू शकत नाहीत. रिकामी पोचही एसएफ १० वर २८८.८ मिलिसेकंद घेते. तासाला २४०० पोचपावत्या म्हणजे ६९३ सेकंद, म्हणजे तासाचा १९ टक्के वेळ गेटवे बहिरा. त्या वेळात आलेली पॅकेट्स गेली, त्यांची पोच नाही, म्हणून नोड ती पुन्हा पाठवणार आणि भार आणखी चढणार. पोच बंद ठेवणे ही पुढच्या सगळ्या कामाची पूर्वअट आहे.

दुसरा विचार एसएफ कमी करण्याचा. तो योग्य आहे. ज्या नोडांना वाव आहे त्यांना एडीआर (जाळ्याने नोडचा एसएफ आपोआप ठरवण्याची सोय) खाली आणेल आणि आणावेच. हे प्रकरण ज्यांना तसा वाव नाही त्यांचे आहे.

पहिली पायरी: मजकुराऐवजी बिट

जिझिप किंवा तसले फाइल आकसणारे साधन ४८ बाइट्सवर चालवून काही मिळत नाही. जिझिपचे मथळा आणि शेपूट मिळून १८ बाइट्सचे वेष्टण असते आणि इतक्या छोट्या मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे असे फारसे काही नसते. शिवाय चारही नावे दर वेळी तीच असतात. ती सर्व्हरला आधीच माहीत आहेत, म्हणून ती पाठवायचीच नाहीत. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे मोजमाप अनिश्चिततेवर बसवले ते याच अर्थाने: जे समोरच्याला ठाऊक आहे त्याला शून्य बिट.

उरतात आकडे. तापमान उणे ४० ते ८५ अंश, ०.१ च्या पायरीने १२५१ किमती, म्हणून ११ बिट. आर्द्रता ० ते १०० टक्के, ०.५ च्या पायरीने २०१ किमती, ८ बिट. दाब ३०० ते ११०० हेक्टोपास्कल, ०.१ ने ८००१ किमती, १३ बिट. व्होल्टेज २.० ते ३.६, ०.०३ ने ५४ किमती, ६ बिट. बेरीज ३८ बिट, म्हणजे ५ बाइट्स. त्यावर स्वरूप सांगणारा १ बाइट. एकूण ६.

पायरीचा आकार सेन्सरच्या अचूकतेवरून ठरवायचा. सेन्सर अर्धा अंश इकडेतिकडे दाखवत असेल तर ०.०१ अंशाची पायरी म्हणजे निव्वळ गोंगाट पाठवणे, आणि गोंगाट कोणत्याही युक्तीने आकसत नाही.

४८ चे ६ झाले, आठपट घट. एअरटाइम मात्र ६९८.४ वरून ३२९.७ मिलिसेकंदांवर आला, जेमतेम निम्मा. इथे अनेक जण चक्रावतात. कारण असे की काहीही न भरलेले पॅकेटसुद्धा २८८.८ मिलिसेकंद घेते: प्रिअँबल (सुरुवातीचा ओळख-संकेत), लोराचा मथळा आणि १३ बाइट्सचे लोरावॅन वेष्टण. सहा बाइट्सच्या पॅकेटमध्ये आपल्या माहितीचे फक्त ४१ मिलिसेकंद आहेत. याच्यापुढे आकडे कितीही आवळले तरी हाताला काही लागणार नाही.

भार आता ०.०७३, पोहोचण्याची शक्यता ८६ टक्के. सुधारणा खरी आहे, पण पुरेशी नाही.

दुसरी पायरी: तासाचे सहा एकत्र, फरकांच्या रूपात

वेष्टणच महाग असेल तर वेष्टणे कमी करायची. सहा नोंदी साठवून तासातून एकदा पाठवायच्या. पहिली नोंद पूर्ण, पुढच्या पाच फक्त आधीच्या नोंदीपासूनच्या फरकाने. दहा मिनिटांत तापमान थोडेच हलते, म्हणून फरकाला ५ बिट, आर्द्रतेला ५, दाबाला ४. व्होल्टेज तासातून एकदाच. एका फरक-नोंदीचे १४ बिट, पाचांचे ७०.

पहिल्या नोंदीचे ३८ बिट. प्रत्येक राशीला फरकाचा पट सांगणारे २ बिट, तीन राशींचे ६. बिघाडाच्या खुणांसाठी ४. झाले ४८. त्यात ७० मिळवले की ११८ बिट, म्हणजे १५ बाइट्स आणि त्यात २ बिट रिकामे. स्वरूपाचा १ बाइट धरून १६.

पटाचे २ बिट काय करतात ते तापमानावरून पाहू. ५ बिटांत उणे १६ ते अधिक १५ पायऱ्या मावतात. पट १ असेल तर कमाल वाढ १.५ अंश. समजा तापमान २४.६ होते आणि दहा मिनिटांत २६.९ झाले. फरक २.३, पट १ मध्ये मावत नाही. म्हणून त्या तासासाठी पट २ घेतला, पायरी ०.२ झाली. २.३ म्हणजे साडेअकरा पायऱ्या, ११ पाठवल्या. सर्व्हर वाचणार २६.८. आता पुढच्या नोंदीचा फरक नोडने २६.८ पासून काढायचा, २६.९ पासून नाही. नोडने स्वतःच्या खऱ्या मोजमापापासून फरक काढला तर दर नोंदीला ०.१ पर्यंतची चूक साचत जाते आणि पाचव्या नोंदीला ती अर्ध्या अंशापर्यंत पोहोचू शकते. सर्व्हरला जे दिसते आहे तेच नोडनेही आधार म्हणून धरायचे. हा बग चाचणीत सुटतो, कारण चाचणीत तापमान सहसा स्थिर असते आणि पट १ च राहतो. चाचणीत सेन्सरवर मुद्दाम गरम हवा सोडावी.

पट ८ मध्येही फरक मावला नाही, म्हणजे दहा मिनिटांत १२ अंशांहून जास्त वाढ झाली, तर कमाल फरक पाठवायचा आणि उरलेला पुढच्या नोंदीत भरून काढायचा. इतकी उडी ही बहुधा इशाऱ्याची गोष्ट असते आणि तिची वाट वेगळी आहे, ती पुढे येईल.

आणखी एक नियम काटेकोरपणे पाळायचा: फरकांची साखळी पॅकेटच्या सीमेपलीकडे न्यायची नाही. पहिली नोंदही मागच्या तासापासूनच्या फरकाने पाठवली तर ३ बाइट्स वाचतील, पण एक पॅकेट हरवले की पुढचे सगळे तास निरर्थक होतील.

एका बाइटची गोष्ट

१६ बाइट्सचे पॅकेट एसएफ १० वर ४११.६ मिलिसेकंद घेते. १७ बाइट्सचे ४५२.६. एका बाइटला ४१ मिलिसेकंद. याचे कारण लोरा माहिती ठोकळ्यांनी पाठवते. एसएफ १० वर एक ठोकळा ४० बिटांचा, म्हणजे ५ बाइट्सचा, आणि कोडिंग रेट ४/५ असताना तो ५ सिंबल व्यापतो. एक बिट जरी पुढच्या ठोकळ्यात सांडला तरी अख्खा ठोकळा जातो. १६ बाइट्सला सहा ठोकळे लागतात, १७ ला सात. उलट, १७ पासून २१ पर्यंत सगळ्यांना सारखाच वेळ.

म्हणून आराखडा करताना बाइट मोजण्यापेक्षा ठोकळ्याच्या कडा पाहाव्यात. कडेच्या अलीकडे थांबावे, किंवा कड ओलांडलीच तर उरलेली जागा पूर्ण वापरावी. या कडा एसएफप्रमाणे सरकतात: एसएफ ९ वर ठोकळा ३६ बिटांचा असल्याने १६ आणि १७ बाइट्सना तोच वेळ लागतो.

या आराखड्यात सतरावा बाइट शिरू पाहतो तो वेळेचा. कोणत्या क्षणी मोजले ते कळायला हवे ना? पण नोड शेवटचे मोजमाप करून लगेच पाठवत असेल तर गेटवेवर पोहोचण्याची वेळ हीच शेवटच्या नोंदीची वेळ, आणि आधीच्या पाच दहा-दहा मिनिटे मागे. बाइट लागतच नाही. मात्र सगळे नोड तासाच्या ठोक्याला पाठवू लागले तर अलोहाचा हिशेबच कोसळतो. प्रत्येक नोडची तासातली जागा त्याच्या पत्त्यावरून ठरवायची, तिथेच त्याचे मोजमापाचे चक्र सरकवायचे आणि वर दर वेळी २०-३० सेकंदांची यादृच्छिक हालचाल द्यायची. ही हालचाल नसेल तर एकाच जागी आलेले दोन नोड तासामागून तास एकमेकांवर आदळत राहतील.

या पायरीअखेर भार ०.०१५, पोहोचण्याची शक्यता ९७ टक्के. तासाचा एकूण एअरटाइम नोडमागे ४.१९ सेकंदांवरून ०.४१ वर, दहापट कमी. पण आता एक पॅकेट हरवले की अख्खा तास हरवतो. ४०० नोडांची दिवसाला ९६०० पॅकेट्स, त्यातली सरासरी २८८ गायब. कॉम्प्रेशन जितके कडक, तितका प्रत्येक हरवलेला बाइट महाग. म्हणून कॉम्प्रेशन करून थांबलेले काम अर्धवट समजावे.

तिसरी पायरी: वाचवलेल्या वेळेतला थोडा कोडिंगला

लोराच्या आत त्रुटीसुधार आहेच. तो ४/५ वरून ४/८ केला तर? उपयोग नाही. तो पॅकेटच्या आतले बिघडलेले बिट सुधारतो. धडकेत किंवा गेटवेच्या बहिरेपणात अख्खे पॅकेटच जाते, तिथे सुधारायला काही उरत नाही. इथे पॅकेट्सच्या पातळीवर कोडिंग हवे.

प्रत्येक पॅकेटमध्ये चालू तासाच्या १५ बाइट्सबरोबर आणखी १५ बाइट्स जोडायचे: एक तासापूर्वीची आणि तीन तासांपूर्वीची माहिती यांचा एक्सॉर, म्हणजे बिटांची अशी मिसळ की दोहोंपैकी एक हातात असेल तर दुसरे परत मिळते. स्वरूपाचा बाइट एक्सॉरमध्ये घ्यायचा नाही. तो घेतला तर पॅकेट पुन्हा ठोकळ्याच्या कडेपलीकडे जाते, ५३४.५ ऐवजी ५७५.५ मिलिसेकंद. पटाचे बिट १५ बाइट्सच्या आत ठेवले ते यासाठीच.

आता १४, १५ आणि १६ वाजताची तिन्ही पॅकेट्स हरवली असे धरू. १७ च्या पॅकेटमध्ये १६ आणि १४ चा एक्सॉर आहे. दोन्ही अज्ञात, त्यामुळे आत्ता काही सुटत नाही, पण ते समीकरण सर्व्हरने टाकून द्यायचे नाही. १८ च्या पॅकेटमध्ये १७ आणि १५ चा एक्सॉर. १७ हातात आहे, म्हणून १५ मिळाले. १९ मध्ये १८ आणि १६ चा, त्यातून १६ मिळाले. आता मागे अडकलेले १७ चे समीकरण काढले, १६ घातले, १४ हाती आले. सलग तीन तासांची हानी भरून निघाली. सलग चार गेले तर त्यातला पहिला तास कायमचा जातो, कारण तो ज्या दोन पॅकेट्समध्ये मिसळला होता ती दोन्ही हरवलेल्या चारांत असतात.

फक्त मागच्या तासाची प्रत जोडली असती तरी बाइट्स तितकेच लागले असते, पण सलग दोन गेले की एक तास कायमचा गेला असता. मिसळून पाठवण्याचा हा फायदा फुकट मिळतो.

हिशेब: पॅकेट ३० टक्क्यांनी लांबल्यामुळे भार ०.०१५ वरून ०.०२० झाला आणि कच्ची हानी ३.० वरून ३.९ टक्के. दिसायला पिछेहाट. पण आता एखादा तास कायमचा जाण्यासाठी साधारणपणे ते पॅकेट, त्याच्या पुढचे आणि त्याच्यानंतरचे तिसरे, अशी तिन्ही जावी लागतात. ३.९ टक्क्यांचा घन म्हणजे लाखात सुमारे ६. दिवसाच्या ९६०० पॅकेट्सपैकी सरासरी एकही नाही, दोन दिवसांत साधारण एक. नुसती प्रत जोडली असती तर दिवसाला १४ गेली असती. हे आकडे प्रत्येक हानी स्वतंत्र धरून आहेत. नोडसमोर दिवसभर अवजड धातूची वस्तू उभी राहिली तर हानी सलग येते आणि हा हिशेब तिथे लागू होत नाही.

बॅटरीचेही पाहू. प्रसारणाचा प्रवाह ४० मिलिअँपिअर धरला तर मूळ पद्धतीत वर्षाला ४०८ मिलिअँपिअर-तास केवळ पाठवण्यात जातात. नव्या पद्धतीत ५२.

अंमलबजावणीत काय काय अडते

क्रमांकाची गफलत सर्वांत जास्त त्रास देते. एक तासापूर्वीचे पॅकेट कोणते, हे लोरावॅनच्या फ्रेम-क्रमांकावरून (फ्रेम म्हणजे पाठवलेले प्रत्येक पॅकेट) ठरवण्याचा मोह होतो, कारण तो आयता मिळतो. पण नोड कधी कधी जाळ्याच्या आज्ञांना उत्तर म्हणून माहितीविना फ्रेम पाठवतो, तोही एक क्रमांक खातो आणि तिथून पुढचा प्रत्येक एक्सॉर चुकीच्या तासाला लागतो. वाईट म्हणजे चुकून सुटलेली माहितीही दिसायला ठीकच दिसू शकते. म्हणून स्वरूपाच्या बाइटमध्ये ४ बिटांचा स्वतःचा तास-क्रमांक ठेवायचा, ० ते १५. उरलेल्या ४ पैकी ३ बिट आवृत्तीला आणि १ बिट नव्या सुरुवातीला. नोड पुन्हा चालू झाला की त्याच्या स्मृतीत मागचे तास नसतात. पहिल्या तीन पॅकेट्सवर हा बिट चढवायचा, म्हणजे सर्व्हर सुरुवातीआधीच्या तासांच्या जागी शून्य धरेल.

एक्सॉर आणि कॉम्प्रेशन दोन्ही एन्क्रिप्शनच्या आधी. एन्क्रिप्ट केलेल्या माहितीत पुनरावृत्ती उरत नाही, ती आकसत नाही.

हफमनसारखी, म्हणजे वारंवार येणाऱ्या किमतींना छोटे कोड देणारी, कमी-जास्त लांबीची पद्धत इथे मुद्दाम घेतलेली नाही. सरासरी एक-दोन बाइट्स वाचले असते, पण एक्सॉरसाठी सगळे पॅकेट सारख्या लांबीचे लागतात, म्हणजे शेवटी रिकामी जागा भरावीच लागली असती. ठरावीक लांबीचा दुसरा लाभ असा की पॅकेटच्या आकारावरून आतल्या मजकुराचा अंदाज कोणाला बांधता येत नाही. वेबवर २०१२ साली उघड झालेला क्राइम हल्ला याच फटीतून शिरला होता.

एसएफ १० वर युरोपीय मांडणीत एका फ्रेममध्ये माहितीला कमाल ५१ बाइट्स मिळतात आणि जाळ्याच्या आज्ञांची उत्तरे त्यातूनच जागा घेतात. मूळच्या ४८ बाइट्सच्या पॅकेटला फक्त ३ ची मोकळीक होती. उत्तर त्याहून मोठे झाले की पॅकेट पाठवायलाच नकार मिळायचा. नव्या ३१ बाइट्सच्या पॅकेटला २० ची मोकळीक आहे. काही 'हरवलेली' पॅकेट्स मुळात हवेत गेलीच नव्हती, हे असे लक्षात येते.

इशाऱ्यांची वाट वेगळी ठेवायची. ठरलेली मर्यादा ओलांडली की तासाची वाट न पाहता ६ बाइट्सचे पॅकेट वेगळ्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे पॅकेटचा प्रकार सांगणारा क्रमांक). धोका असा की ज्या घटनेने एक नोड जागा होतो तिने सगळेच जागे होतात. ४०० इशारे एका मिनिटात सुटले तर भार ०.७३ आणि पोहोचतात जेमतेम २३ टक्के. तेच १० मिनिटांत विखुरले तर ८६ टक्के. त्या १० मिनिटांत प्रत्येक इशारा दोन वेगळ्या यादृच्छिक क्षणी पाठवला तर किमान एक पोहोचण्याची शक्यता ९३ टक्क्यांवर जाते. तिसऱ्यांदा पाठवून फारसे हाती लागत नाही, भारच वाढतो. जिथे १० मिनिटे परवडत नाहीत तिथे कोडिंगने भागत नाही. त्या थोड्या नोडांना वेगळी वाहिनी द्यावी लागते.

दोन गोष्टी विचारात घेऊन सोडल्या. डेव्हिड स्लेपियन आणि जॅक वूल्फ यांनी १९७३ साली दाखवले की शेजारचे दोन स्रोत एकमेकांशी न बोलताही परस्परसंबंधाचा फायदा घेऊन आकसता येतात. सिद्धांत देखणा आहे, पण वाचणारे बिट वेष्टणाच्या तुलनेत नगण्य, आणि एका नोडची हानी शेजाऱ्यालाही भोवते. दुसरी गोष्ट नेटवर्क कोडिंग. आल्स्वेड, त्साय, ली आणि येउंग यांच्या २००० सालच्या मांडणीतून ती कल्पना रूढ झाली: मधला रिले दोन बाजूंची पॅकेट्स एक्सॉर करून एकदाच सोडतो आणि चार प्रसारणांची तीन होतात. दुतर्फा रहदारीच्या मेशमध्ये (नोड एकमेकांची पॅकेट्स पुढे नेतात अशा जाळ्यात) ती जरूर वापरावी. इथे रिलेच नाही.

उलट दिशा: फर्मवेअर

ही नवी पद्धत ४०० नोडांत घालायची कशी? प्रत्येकाजवळ जाऊन नाही, हवेतूनच. फर्मवेअर (नोडमध्ये चालणारा प्रोग्राम) ९६ केबीचे आहे, पण जुन्या-नव्यातला फरक आकसून ९ केबी झाला असे धरू. इथे इशारा: कोडच्या सुरुवातीला चार ओळी घातल्या की मागचे सगळे पत्ते सरकतात आणि फरक-फाइल फुगते. फंक्शनांच्या जागा लिंकरमध्ये (कोडचे भाग जोडून त्यांचे पत्ते ठरवणाऱ्या साधनात) बांधून ठेवाव्यात.

४८ बाइट्सचे १९२ तुकडे. प्रत्येक तुकड्यासोबत आज्ञा आणि क्रमांकाचे ३ बाइट्स, एअरटाइम ६९८ मिलिसेकंद. नोडागणिक वेगळे पाठवले तर ७६,८०० तुकडे, जवळपास १५ तासांचे प्रसारण. गेटवेला १० टक्के वेळच बोलायची मुभा असेल तर सहा दिवस. म्हणून मल्टिकास्ट, म्हणजे एकच प्रसारण सगळ्यांसाठी. पण १० टक्के हानीत १९२ पैकी एकही तुकडा न चुकण्याची शक्यता ०.९ चा १९२ वा घात, कोटीत एकही नाही. सगळे तुकडे पुन्हा पुन्हा पाठवायचे म्हटले तर ४०० नोड पूर्ण व्हायला पाच-सहा फेऱ्या. प्रत्येक नोडचा हरवलेला तुकडा वेगळा असतो, ही खरी अडचण.

लोरा अलायन्सने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या तुकड्यांच्या वाहतुकीच्या प्रमाणपद्धतीत यावर उपाय आहे. रॉबर्ट गॅलॅगर यांच्या एलडीपीसी या त्रुटीसुधार कोडवर तो आधारलेला आहे. १९२ तुकडे सरळ पाठवून झाले की पुढचा प्रत्येक जादा तुकडा हा मूळ तुकड्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या सुमारे निम्म्यांचा एक्सॉर असतो. एका नोडचा १७ वा गेला असेल, दुसऱ्याचा १४० वा. एकच जादा तुकडा दोघांची भूक भागवतो. कोणता हरवला हे गेटवेला सांगायचीही गरज नाही. साधारण २०० तुकडे, मग ते कोणतेही असोत, मिळाले की नोड बहुतेक खात्रीने पूर्ण होतो.

जादा किती पाठवायचे ते सरासरीवरून ठरवायचे नाही, सर्वांत दुबळ्या नोडवरून ठरवायचे. ४० जादा धरले तर १० टक्के हानीच्या नोडला सरासरी २०९ मिळतात, बरे. १५ टक्केवाल्याला १९७, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा अपुरे. ६० जादा धरले तर १५ टक्केवाल्यालाही सरासरी २१४ मिळतात. एकूण २५२ तुकडे, १७६ सेकंद प्रसारण, १० टक्के मर्यादेत साधारण अर्धा तास. या अर्ध्या तासात नोडचा रिसीव्हर चालू राहतो. १० मिलिअँपिअर धरले तर ५ मिलिअँपिअर-तास खर्च, बॅटरीला जड नाही. समीकरणांच्या तक्त्याला ६० गुणिले ६० बिट, म्हणजे ४५० बाइट्स रॅम पुरते. तुकडे फ्लॅशमध्ये.

फरक लावण्याआधी नोडने आपल्या चालू फर्मवेअरचा हॅश (त्यावरून काढलेला ओळख-आकडा) तपासायचा, लावल्यानंतर नव्याची स्वाक्षरी. आधीची तपासणी वगळली आणि एखादा नोड वेगळ्या आवृत्तीवर असला, तर तयार होणारे फर्मवेअर कचरा असते. जुनी प्रत दुसऱ्या कप्प्यात शाबूत ठेवल्याशिवाय हे काम हातात घेऊ नये. सर्व्हरने तोवर दोन्ही स्वरूपे वाचायची, पोर्ट-क्रमांकावरून ओळखून.

त्या अर्ध्या तासात गेटवे दर सात सेकंदांनी ०.७ सेकंद बहिरा असतो. तेव्हा आलेल्या पॅकेट्सपैकी सुमारे १८ टक्के त्यातच सापडतात. म्हणून नोड दोन गटांत अद्ययावत करावेत. पहिल्या गटाने नवी पद्धत धरल्यावर दुसऱ्या गटाचे प्रसारण चालू असताना पहिल्या गटाच्या नोंदींवर नजर ठेवावी. हरवलेले तास बहुतेक पुढच्याच पॅकेटमधून आणि उरलेले तीन तासांत भरून आलेले दिसायला हवेत. ज्या नोडचे तास तसे भरत नाहीत, त्याचा तास-क्रमांक आधी तपासावा आणि मग अँटेना.